अकरा गुंठ्यांवरचे ऊन

मे महिन्यात मिसरोदला सकाळी आठलाच गच्चीची फरशी चटके देऊ लागते. कुरडया-पापड वाळवायला यासारखी जागा नाही. दुपारी बारापर्यंत पापडांचे अक्षरशः कडकडीत पत्रे होतात. गेली काही वर्षे मी मुलाच्या संसाराबरोबर इथे राहते. मिसरोद म्हणजे भोपाळच्या दक्षिणेला, होशंगाबाद रस्त्यावरचे एकेकाळचे खेडे. होशंगाबादचे नाव २०२२ मध्ये नर्मदापुरम् झाले, पण रिक्षावाल्यांच्या तोंडी जुनेच आहे. गच्चीवरून एका बाजूला नव्या कॉलन्यांच्या पाण्याच्या टाक्या दिसतात आणि दुसऱ्या बाजूला, जिथे अजून प्लॉट पडलेले नाहीत तिथे, काळी शेते. मे महिन्यात ही शेते रिकामी असतात. गहू मार्चअखेर निघतो, सोयाबीन जून-जुलैत पेरायचे. मधले तीन महिने काळ्या मातीला भेगा पडतात आणि तिच्यावर नुसते ऊन पडत राहते.

अशाच एका दुपारी गावाकडून धाकट्या भावाचा फोन आला. गाव भुदरगड तालुक्यातले, गारगोटीजवळ. वडिलांमागे वाटण्या झाल्या, मुलींचाही हक्क धरला गेला आणि माझ्या नावावर अकरा गुंठे आले.

"आक्का, अकरा गुंठ्यात काय पिकतंय? गिऱ्हाईक चांगलं आलंय. इकून टाकूया की," तो म्हणाला.

मी म्हटले, "बघते, कळवते." पण फोन ठेवल्यावर मनात एक नाव आले. आमच्या गारगोटी-कोल्हापूर भागात वाढलेल्या माणसाने ते कुठे ना कुठे ऐकलेले असतेच. श्री. अ. दाभोळकर. अकराही नको, दहा गुंठ्यांत पाच माणसांचे कुटुंब सुखाने जगू शकते, असे हिशेब मांडून सांगणारा माणूस. त्यांची पुस्तके कपाटात होती. ती काढली, आणि त्या उन्हाळ्यात गच्चीवर पापडांबरोबर माझीही उजळणी सुरू झाली.

गणिताचा प्राध्यापक

श्रीपाद अच्युत दाभोळकर यांचा जन्म १९२४ चा, मृत्यू २००१ चा. सातारच्या दाभोळकरांचे घर मोठे, भावंडे दहा. थोरले देवदत्त दाभोळकर पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले. धाकटे डॉ. नरेंद्र अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात आयुष्यभर राहिले आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. एका भावाने बुवाला विचारले, 'दाखव पाहू करून.' दुसऱ्याने तोच प्रश्न जमिनीला, झाडाला आणि स्वतःला विचारला. एकाच घरातली ही सवय असावी असे मला वाटते.

श्रीपादराव शेतीतज्ज्ञ नव्हते, हे आधी सांगायला हवे. ते गणिताचे प्राध्यापक. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी शिकवले. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी खेड्यासाठी उभे केलेले हे विद्यापीठ. शिक्षण आणि गावचे जगणे यांच्यामध्ये भिंत नको, हा त्यामागचा विचार. दाभोळकरांनी तो इतका मनावर घेतला की पुढे त्यांचा वर्ग भिंतीबाहेरच भरू लागला. द्राक्षाच्या मांडवाखाली, बांधावर, एखाद्याच्या सोप्यावर.

आजकाल इंग्रजी वर्तमानपत्रांत 'सिस्टिम थिंकर' आणि 'फ्युचरिस्ट' हे शब्द फार दिसतात. सिस्टिम थिंकर म्हणजे वस्तू सुटी न पाहता तिचे इतरांशी असलेले धागे पाहणारा. एक धागा ओढला की दुसरीकडे काय हलते, याकडे ज्याचे लक्ष तो. फ्युचरिस्ट म्हणजे उद्याचा अंदाज आजच्या हिशेबावरून बांधणारा. पत्रिका पाहून नव्हे! आपल्याकडे असे कोण झाले, असे कुणी विचारले तर माझ्या डोळ्यांसमोर मोठ्या संस्थांतली माणसे येत नाहीत. कोल्हापूरचा हा प्राध्यापक येतो.

सुटा विचार केल्याने काय होते, याचे उदाहरण आमच्या दारातच आहे. मिसरोदपासून संत हिरदाराम नगरपर्यंत बससाठी स्वतंत्र मार्गिका बांधून २०१३ मध्ये बीआरटीएस सुरू झाली. २०२४ च्या जानेवारीपासून ती उखडायला सुरुवात झाली. बस, तिची वाट पाहणारी माणसे, शेजारून जाणाऱ्या मोटारी, रस्ता ओलांडणारी म्हातारी, या सगळ्यांची मिळून एक व्यवस्था असते. त्यातली एकट्या बसची गाठ सोडवून भागत नाही. असो. आपला विषय शेत आहे.

१९७२

ज्यांना हा विषय जागतिक वाटतो त्यांच्यासाठी एक वर्ष सांगते. १९७२. त्या वर्षी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या डोनेला मेडोज, डेनिस मेडोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'द लिमिट्स टू ग्रोथ' हे पुस्तक काढले. लोकसंख्या, अन्न, कारखाने, प्रदूषण आणि खनिजे, हे सगळे एकमेकांत गुंतवून त्यांनी संगणकाला विचारले, की असेच चालले तर शंभर वर्षांत काय होईल? उत्तर बरे नव्हते. पृथ्वीला मर्यादा आहेत आणि आपण त्या ओलांडायला निघालो आहोत, असे त्याचे सार. जगभर त्यावर वाद झाला, अजून होतो.

तेच वर्ष आपल्याकडे दुष्काळाचे. माझ्या वयाच्या लोकांना सुकडी, खडी फोडणाऱ्या बायका, आणि चाऱ्यासाठी दुसऱ्या गावी नेलेली जनावरे आठवत असतील. मर्यादा म्हणजे काय ते महाराष्ट्राला संगणकाने सांगायची गरज नव्हती.

अशा काळात दाभोळकर उलटा प्रश्न विचारत होते. टंचाई कशाची आहे ते सगळे सांगतात, पण विपुल काय आहे? जमीन कमी, पाणी कमी, पैसा तर नाहीच. मग आपल्या वाट्याला भरपूर काय आले आहे? त्यांचे उत्तर होते ऊन. आणि दुसरे उत्तर, एकमेकांना सांगू शकतील अशी माणसे. त्यांच्या मराठी पुस्तकाचे नाव 'विपुलाच सृष्टी' आणि १९९८ च्या इंग्रजी पुस्तकाचे 'प्लेंटी फॉर ऑल'. दोन्ही नावांत हीच गोष्ट आहे.

नुसते नाव वाचले तर हा भाबडा आशावाद वाटेल. मलाही पहिल्यांदा वाटला. मेडोज मंडळी आणि दाभोळकर एकमेकांच्या विरुद्ध बोलत नाहीत, हे फार उशिरा लक्षात आले. मेडोज सांगतात की साठे संपतात. दाभोळकर सांगतात की जे रोज नव्याने येते त्याचा हिशेब आपण ठेवतच नाही.

उन्हाचा जमाखर्च

तो हिशेब मी माझ्या पद्धतीने गच्चीवर करून पाहिला. आकडे साधे आहेत. भोपाळसारख्या ठिकाणी वर्षाच्या सरासरीने एका चौरस मीटरवर रोज सुमारे ५ युनिट ऊन पडते. विजेच्या बिलात असते तेच युनिट. उष्मांकात सांगायचे तर सुमारे ४३०० किलोकॅलरी. यातले पान किती पकडते? चांगले वाढलेले, हिरवेगार पीक साधारण एक टक्का. म्हणजे ४३ किलोकॅलरी. झाडाच्या वाळलेल्या वजनात एका ग्रॅमला सुमारे ४ किलोकॅलरी धरल्या तर दहा-अकरा ग्रॅम झाले. एका चौरस मीटरमध्ये पावणेअकरा चौरस फूट असतात. तेव्हा एक चौरस फूट हिरवे छत्र दिवसाला साधारण एक ग्रॅम सुके वजन तयार करते. एक ग्रॅम म्हणजे चिमूटभर.

आता एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. दहा गुंठे म्हणजे १०,८९० चौरस फूट, म्हणजे रोजचे जवळजवळ अकरा किलो सुके वजन. त्यातला तिसरा हिस्सा दाणा, फळ, कंद, भाजी असा खाण्याजोगा धरला तरी साडेतीन किलो. पाच माणसांच्या घराला धान्य-डाळ-तेल-भाजी मिळून सुक्या वजनात रोज अडीच-तीन किलो लागते. हिशेब जमला! पुरते आणि वर थोडे उरते. मी दोनदा करून पाहिले, मग नातवाला करायला लावले. त्याचेही तेच आले.

मग आपली शेते कुटुंब का पोसत नाहीत? त्याचे उत्तर गच्चीवरून समोर दिसत होते. हा हिशेब जमतो तो सगळे दहा गुंठे वर्षाचे ३६५ दिवस हिरव्या छत्राखाली असतील तर. मिसरोदच्या शेतात सोयाबीनची पाने एकमेकांना भिडायला पेरणीपासून दीड महिना जातो. गव्हाचे तसेच. दोन्ही पिके पिवळी पडली की पानांची कमाई थांबते. आणि वर्षातले सर्वांत कडक ऊन ज्या तीन महिन्यांत पडते तेव्हा शेतात एकही पान नसते. सूर्य दोन्ही हातांनी देत असतो आणि घरात घ्यायला कोणी नसते. पलीकडे तवा धरणाच्या कालव्यावर आता शेतकरी उन्हाळी मूग घेतात. तिसरे पीक म्हणून ते बरोबर आहे, पण त्यासाठी पाणी किती आणि फवारे किती, हा वेगळा जमाखर्च.

दाभोळकरांनी शेतीकडे पाहण्याची मोजपट्टीच बदलली. एकरी किती क्विंटल हे नंतर. आधी हे सांगा की जमिनीवर पान किती, ते किती दिवस, आणि कोणत्या वयाचे. कोवळे पान खाणारे असते, जून पान कमावणारे आणि म्हातारे पान पुन्हा घराला ओझे. (आम्ही म्हाताऱ्या माणसांनी हे वाचून मनाला लावून घेऊ नये.) उंच झाडाच्या खाली मध्यम झुडूप, त्याखाली वेल, जमिनीलगत भाजी, असे थर लावले तर एकाच फुटावरचे ऊन दोन-तीनदा गाळून घेता येते. शेवग्याखालून जे निसटते ते तुरीला मिळते, तुरीखालचे हळदीला.

मुळांविषयीही ते असेच धाग्याने बोलत. आपण आळे करतो खोडाशी आणि पाणीही तिथेच ओततो. अन्नपाणी शोषणारी पांढरी मुळे तर झाडाचा घेर जिथे संपतो तिथे असतात. दुपारी बाराला सावलीची कड जिथे पडते, तिथे पाणी द्या. आमच्या परसातल्या लिंबाला आई जन्मभर खोडाशी पाणी घालत आली. लिंबू जगले ते तिच्या मायेवर, पाण्यावर नव्हे, असे आता वाटते.

द्राक्षाच्या मांडवाखाली

हे सगळे कागदावर राहिले असते तर एका प्राध्यापकाचे छंद म्हणून विसरले गेले असते. तसे झाले नाही, याला कारण तासगाव.

सांगली जिल्ह्यातला तासगाव भाग पावसाच्या छायेतला. तिथल्या शेतकऱ्यांनी द्राक्ष धरले. द्राक्ष हे थंड देशातले पीक. आपल्याकडे वेल हिवाळ्यात झोपत नाही, म्हणून दोनदा छाटावा लागतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. एप्रिल छाटणीनंतर फुटलेल्या काडीत पुढच्या हंगामाचा घड तयार होतो, आणि तो होतो की नाही हे त्या काडीवर किती पाने, किती उन्हात राहिली यावर ठरते. एका घडाला किती पाने पुरतील? जास्त घड ठेवले तर गोडी उतरेल का? ओलांड्यावर सावली पडली तर? परदेशी पुस्तकात याची उत्तरे नव्हती, कारण तिथे एप्रिल छाटणीच नाही.

इथे दाभोळकरांनी केले ते असे. उत्तरे दिली नाहीत. ज्यांच्याकडे बागा आहेत त्यांना एकत्र आणले आणि प्रत्येकाला आपापल्या बागेत एकेक प्रश्न घेऊन मोजायला लावले. चार वेलींवर असे, चार वेलींवर तसे. पाने मोजा, घड तोला, लिहून ठेवा आणि पुढच्या बैठकीत सांगा. फसले तेही सांगा. फसलेल्याला तिथे मान होता, कारण त्यामुळे बाकीच्यांचा एक हंगाम वाचायचा. बैठका, शिवारफेऱ्या आणि पत्रे यांतून हे ज्ञान एका बागेतून दुसरीत जाऊ लागले. याला त्यांनी नाव दिले 'प्रयोग परिवार'. संस्था नाही, अध्यक्ष नाही. प्रयोग केलास की तू परिवारातला. सातवी शिकलेला बागायतदार आणि कृषी पदवीधर एकाच सतरंजीवर बसत, आणि बोलायचा हक्क ज्याने मोजले त्याला.

त्याच पट्ट्यात बागायतदार किती बारीक नजरेने वेलीकडे पाहायला शिकले, याची साक्ष द्राक्षांच्या नावांत आहे. 'तास-ए-गणेश' हा वाण बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसनमधून वेचून काढला. तिकडे सोलापूरजवळ नान्नजला नानासाहेब काळे यांनी 'सोनाका' आणि 'शरद सीडलेस' निवडले. हजारो वेलींत एक फांदी वेगळी आहे हे दिसायला डोळा लागतो. तो प्रयोगशाळेत मिळतो तसा बांधावरही मिळतो.

मला या परिवारात भविष्यवेध दिसतो तो असा. माहितीचे जाळे म्हणजे काय, हे जगाला संगणक आणि टेलिफोनने समजावण्याच्या कितीतरी आधी या माणसाने ते पोस्टकार्डांवर उभे केले होते. आज व्हॉट्सअॅपवर 'द्राक्ष बागायतदार ग्रुप' असतात, रोज पानांचे फोटो पडतात, लगेच सल्ले येतात. साधन बदलले, धागा तोच.

आमच्या मिसरोदजवळच जाटखेडीला 'एकलव्य' या शैक्षणिक संस्थेचा परिसर आहे. खेड्यातल्या मुलांनी विज्ञान पाठ न करता प्रयोग करून शिकावे, म्हणून होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये सोळा शाळांत एक कार्यक्रम सुरू झाला. १९८२ मध्ये एकलव्य स्थापन झाल्यावर तो तिने पुढे नेला आणि २००२ मध्ये सरकारने तो बंद केला. पुन्हा तेच १९७२ वर्ष! इथे मुले होती, तिथे बागायतदार, पण शिकण्याची रीत सारखी. मी शाळेत गणित शिकवण्यात जन्म घालवला. पाठांतराने शिकवलेले किती मुलांकडे उरले, हे मला विचारू नका.

नर्मदाकाठचे वर्तुळ

दाभोळकरांचा विचार मध्य प्रदेशातही येऊन रुजला, हे मला इथे आल्यावर कळले. देवास जिल्ह्यात नेमावरजवळ, नर्मदेच्या काठावर बजवाडा नावाचे गाव आहे. तिथे त्यांचे शिष्य दीपक सचदे यांनी वर्षानुवर्षे या पद्धतीने शेती केली. 'नॅच्युएको' शेती म्हणून ती ओळखली जाते. सचदे २०१९ मध्ये वारले. 'अमृत माती' हे त्यांच्या कामाचे केंद्र. आधी अमृत जल करायचे. दहा लिटर पाण्यात एक किलो ताजे शेण, एक लिटर गोमूत्र, पन्नास ग्रॅम गूळ. तीन दिवस रोज ढवळायचे आणि मग दहापट पाण्यात मिसळायचे. त्यात पालापाचोळा भिजवून थर लावायचे, त्यावर निरनिराळी बियाणी पेरून ती कोवळेपणी कापून पुन्हा त्यातच मिसळायची. साडेचार-पाच महिन्यांनी काळी, भुसभुशीत, पावसाचा वास येणारी माती हाती येते.

'गंगा-माँ मंडल' ही दाभोळकरांची रचनाही तिथे लावली गेली. सुमारे हजार चौरस फुटांचे वर्तुळ, आत एकात एक वर्तुळाकार वाफे आणि वाटा, आणि त्यात घराला लागणाऱ्या भाज्या-फळे. म्हणजे एका गुंठ्याहूनही कमी जागा. रांगेऐवजी वर्तुळ का? कोणत्याही वाफ्यापर्यंत हात पोचावा, चालण्यात जागा कमी जावी आणि उंच-बुटक्या झाडांची सावली मनासारखी मांडता यावी म्हणून.

मी गच्चीवर अमृत जलाची बादली केली. गोमूत्राचा वास जिन्यात उतरला तेव्हा सूनबाईंनी फक्त एवढेच विचारले, "आई, हे किती दिवस?" मी तीन म्हटले. तिने मोजले.

हिशेबात न बसणारे

दाभोळकरांवर माझी श्रद्धा आहे म्हणून शंका लपवणे बरे नाही. तेही रागावले असते.

पहिली शंका पाण्याची. दहा गुंठ्यांच्या मांडणीत रोज हजारएक लिटर पाणी धरलेले असते. घरातल्या माणसांचे रोजचे तीन-चार तास काम धरलेले असते. हजार लिटर ऐकायला पुष्कळ वाटते. पण दहा गुंठे म्हणजे सुमारे हजार चौरस मीटर, आणि त्यावर हजार लिटर म्हणजे जेमतेम एक मिलिमीटर पाणी. मिसरोदच्या मे महिन्यात उघड्या पातेल्यातले पाणी याच्या कितीतरी पट उडते. जमीन पूर्ण झाकलेली, पाचोळ्याची गादी जाड आणि पाणी थेंबाथेंबाने नेमक्या मुळाशी, असे असेल तर हे पाणी पुरे पडण्याची आशा. म्हणजे पहिली दोन-तीन वर्षे, माती तयार होईपर्यंत, पुरणार नाही. हे स्पष्ट सांगायला हवे, नाहीतर नवखा माणूस पहिल्याच उन्हाळ्यात हात टेकतो.

दुसरी शंका पैशाची. दहा गुंठे पोट भरतील. दवाखाना, मुलांच्या फिया, लग्नकार्य, मोबाइलचे रिचार्ज हे रोख मागतात. दाभोळकरांनी रोख उत्पन्नाचाही विचार केला होता, पण त्यांच्या काळातल्या घराच्या गरजा आणि आजच्या यांत फरक पडला आहे. माझ्या भावाला मी हे दहा गुंठे-दहा गुंठे ऐकवले तर तो म्हणेल, "आक्का, तू पेन्शन खातीस." आणि ते खरे आहे.

तिसरी शंका सगळ्यांत टोचते. ज्या द्राक्षपट्ट्यात परिवार फुलला, तिथल्या बागा आज कशावर उभ्या आहेत? औषधांच्या फवारण्या, संजीवके, उन्हाळ्यात विकतचे टँकर आणि बँकेचे कर्ज. फेब्रुवारीत अवकाळी पाऊस आला की वर्षाचे पैसे एका रात्रीत फुटलेल्या मण्यांबरोबर जातात. सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले, नाव झाले, पण घोर तोच. परिवाराने शिकवलेली मोजण्याची सवय तिथे टिकली. ती मोजणी उत्पादन वाढवण्याकडे वळली आणि थोडक्यात भागवण्याचा भाग मागे पडला. जाळे हे असेच असते. त्यातून तेच वाहते जे दोन्ही टोकांच्या माणसांना हवे असते. दाभोळकरांना हे दिसले नसेल असे मला वाटत नाही. त्यांनी जाळे विणून दिले, त्यातून काय जावे ते ठरवणे त्यांच्या हाती नव्हते. त्यांना जमनालाल बजाज पुरस्कार मिळाला, पुस्तके निघाली, शिष्य तयार झाले, तरी दहा गुंठ्यांची शेती गावोगाव झाली नाही हे सत्य आहे.

आणि तरीही भविष्याविषयीचा त्यांचा एक अंदाज चुकलेला नाही. १९७०-७१ च्या कृषिगणनेत महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याकडे सरासरी ४.२८ हेक्टर जमीन होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर उरली. देशाचा आकडा २.२८ वरून १.०८ वर आला. मोठ्या शेतीची स्वप्ने सगळे दाखवत होते तेव्हा हा माणूस म्हणत होता, की शेवटी तुमच्या हाती गुंठेच येणार आहेत, तेव्हा गुंठ्यांचे शास्त्र आता शिका. माझ्या हाती अकरा आले.

गच्चीवरचा दोडका

यंदा गच्चीवर मी दोडक्याचा एक वेल लावला. नातू सातवीत आहे. त्याला आलेखाचा कागद दिला आणि एक पान ठेवून पेन्सिलीने कड काढायला सांगितली. चौकोन मोजले, अर्धे-मुर्धे जोडले. पान सुमारे १८० चौरस सेंटिमीटर निघाले. अशी जून पाने सोळा, म्हणजे तीन चौरस फुटांच्या जरा वर. आमच्या हिशेबाने दिवसाला तीन ग्रॅम सुके वजन, त्यातले एक ग्रॅम फळात. दोडक्यात पंच्याण्णव टक्के पाणी, तेव्हा एका ग्रॅमचा झाला वीस ग्रॅम दोडका. पाव किलोचा दोडका व्हायला बारा-तेरा दिवस.

"आजी, एवढ्या दिवसांत एकच दोडका?" त्याचा चेहरा पडला. मग म्हणाला, "अजून पाने वाढवली तर?"

प्रत्यक्षात लागले सतरा दिवस. का लागले म्हणून आम्ही दोन दिवस दर तासाला वेलाकडे पाहिले. दुपारी दोननंतर पाण्याच्या टाकीची सावली त्याच्यावर येते. हिशेबात सावली धरलीच नव्हती. कुंडी आता पूर्वेच्या कठड्याशी हलवली आहे. कागद फ्रिजवर चिकटवला आहे, त्यावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहिले आहेत.

त्या रात्री भावाला फोन लावला. विकायचे की नाही, ते मी अजून सांगितलेले नाही. त्याला एवढेच म्हटले, की विहिरीमागच्या तुकड्यात ऊन किती वाजता येते आणि किती वाजता जाते, आठ दिवस तेवढे लिहून ठेव.

"उन्हाचं काय लिव्हायचं, आक्का?" तो हसला. पण चौथ्या दिवशी त्याचाच फोन आला. सकाळी सातला येतंय, म्हणाला, पण पश्चिमेच्या अंगाला तीननंतर चिंचेची सावली पडतीया, साधारण दोन गुंठ्यांवर. तिथं हळद लावली तर चालंल काय?